मोतीचे डोळे

प्राणिमात्रास निसर्गानें जीं इंद्रियें दिलीं आहेत, त्यांत डोळ्याचें महत्त्व सर्वांत अधिक, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आपली मराठी भाषाच पाहा! जिवलग माणसास आपण डोळ्यांत तेल घालून जपतों. जो आवडत नाहीं तो आपल्या डोळ्यांत सलतो. नकोशा गोष्टीकडे आपण डोळेझांक करतों. आणि संकट कोसळलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें अंधारी येते. परंतु इतक्या वाक्प्रचारांत वावरणारा हा अवयव स्वतः कशावर जगतो, याचा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. माझ्या मनांत तो विचार कोणत्याहि पुस्तकानें आणिला नाहीं. तो आणिला आमच्या घरच्या एका मुक्या प्राण्यानें. त्याचीच हकीकत आज वाचकांस सादर करीत आहें.

मोती हा आमचा कुत्रा. जातीनें कॉकर स्पॅनियल, रंगानें मधासारखा पिंगट, आणि कान इतके लांब कीं, पाणी पितांना ते भांड्यांत बुडावेत! तो आमच्याकडे पिलू म्हणून आलेला नव्हे. आमच्या शेजारीं राहणाऱ्या एका गृहस्थांची बदली साताऱ्याहून विदर्भांत झाली. नव्या जागीं कुत्रा ठेवण्याची सोय नसल्यामुळें त्यांनीं सन २०२२ च्या डिसेंबर महिन्यांत त्यास आमच्या स्वाधीन केलें. तेव्हां तो चार वर्षांचा होता. पहिले आठ दिवस तो आपल्या जुन्या धन्याच्या बंद दारापुढें जाऊन बसे, आणि दिवेलागणीस खालीं मान घालून परत येई. नवव्या दिवशीं तो गेला नाहीं. आजीच्या पलंगाखालीं त्यानें आपली जागा निवडली, व तेव्हांपासून तो आमचा झाला.

आजीचें वय त्या वेळीं अठ्ठ्याहत्तर होतें, व तिला ऐकूं फार कमी येतें. दुपारीं आम्ही भावंडें शाळेंत व आईबाबा कचेरींत गेल्यावर घरांत दोनच जीव उरत. एक आजी आणि दुसरा मोती. दारावर कोणी आलें कीं मोती पलंगाखालून निघून आजीच्या पदराचें टोंक ओढी, आणि मग आजी उठून दार उघडी. त्यास हें कोणीहि शिकविलें नव्हतें. म्हणून मोतीची दृष्टि हा आमच्या घरीं केवळ हौसेचा प्रश्न नव्हता, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

सन २०२३ च्या जून महिन्यांत एके दिवशीं सकाळीं त्याचा उजवा डोळा चिकटलेला दिसला. आईनें कोमट पाण्यांत कापूस भिजवून तो पुसला. पिंवळसर हिरवीं, ताणलीं असतां दोऱ्यासारखीं लांब होणारीं अशीं तीं चिपडें होतीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. आठवडाभरांत डोळा लाल झाला. पूर्वीं पाण्यानें भरलेल्या वाटीसारखें चमकणारें त्याचें बुबुळ न पुसलेल्या कंदिलाच्या कांचेसारखें निस्तेज दिसूं लागलें. तो वारंवार डोळे मिचकावी, तोंड चटईवर घाशी, आणि ऊन पडलें कीं अंगणांत जाणें टाळी.

गांवांतील एका पशुवैद्यांनीं त्यास तपासून जंतुनाशक थेंब दिले. पांच-सहा दिवसांत डोळा बराच निवळला. परंतु औषधाची मुदत संपली, आणि पंधरवड्याच्या आंत पहिले पाढे पंचावन्न! मग दुसरे थेंब आले; पुन्हां तोच प्रकार. ऑगस्ट संपेपर्यंत फडताळांत तीन निरनिराळ्या बाटल्या जमल्या होत्या, आणि आतां डावा डोळाहि सकाळीं चिकटूं लागला होता.

त्याच जुलै-ऑगस्टमध्यें महाराष्ट्रांत डोळे येण्याची मोठी सांथ आली होती, हें पुष्कळांस आठवत असेल. शाळाशाळांतील मुलें काळे चष्मे लावून घरीं बसलीं होतीं. त्यामुळें “अहो, तुमच्या कुत्र्याचेहि डोळे आले आहेत, त्याला पोरांपासून दूर बांधा,” असें शेजारीपाजारी बाबांस सांगूं लागले. सल्ला देणारांचा आपल्याकडे कधींच तुटवडा नसतो. एकानें मध सुचविला, दुसऱ्यानें गुलाबपाणी, तिसऱ्यानें काजळ. नांवावर कोटी करण्याची संधि साधून एका गृहस्थांनीं “मोतीला मोतीबिंदूच झाला आहे” असा निकालहि देऊन टाकिला. आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब कपाटांत आहेत, तेच कां घालीत नाहीं, असें कोणी विचारलें.

आजी मात्र ठाम होती. ती म्हणाली, “माझे थेंब माझ्या डोळ्यांपुरते. मुक्या जिवाला झोंबतें आहे असें सांगतां येत नाहीं. तेव्हां त्याच्या डोळ्यांत वाटेल तें घालायचें नाहीं.” तिचें हें म्हणणें किती योग्य होतें तें आम्हांस पुढें कळलें. अशा शस्त्रक्रियेनंतर देण्यांत येणाऱ्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड जातीचें औषध असतें. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर जखम असतांना तें पडलें, तर जखम भरून न येतां अधिक खोल जाते, व प्रसंगीं डोळा कायमचा जातो.

सप्टेंबरांत गोष्टी थरास गेल्या. दूधवाल्यानें फाटकास हात लावतांच धांवणारा मोती आतां तो पायरी चढून आला तरी उठेना. अंगणांतील तुळशीवृंदावनास वळसा घालून जाणारा तो, त्यावर आपटूं लागला. एके दुपारीं तो आजीच्या काठीवरच आदळला, आणि दोघेंहि पडतां पडतां वांचलीं. उजव्या डोळ्यांत कडेकडून एक तपकिरी पापुद्रा बुबुळावर सरकत होता. सायंकाळीं अजिंक्यताऱ्याची सांवली जशी शहरावर हळूहळू पसरते, तसा. तो असाच पसरत गेला तर काय होणार, हें सांगण्यास वैद्याची गरज नव्हती.

प्राण्यांच्या डोळ्यांचा विशेष अभ्यास केलेले एक डॉक्टर पुण्यास आहेत, असें बाबांस कळलें. ऑक्टोबरांतील एका शनिवारीं भाड्याची मोटार ठरवून आम्ही निघालों. साताऱ्याहून पुणें सुमारें ११० किलोमीटर. एरवीं खिडकींतून तोंड बाहेर काढून वारा खाण्यास आतुर असणारा मोती त्या दिवशीं माझ्या मांडीवर डोळे मिटून पडला होता. खंबाटकीचा बोगदा गेला, शिरवळ गेलें, तरी त्यानें मान वर केली नाहीं.

डॉक्टरांनीं प्रथम कोणतेंहि औषध घातलें नाहीं. टिपकागदासारख्या कागदाची एक अरुंद पट्टी त्यांनीं घेतली, तिचें टोंक वांकवून मोतीच्या खालच्या पापणीच्या आंत अडकविलें, आणि घड्याळाकडे पाहूं लागले. बरोबर एक मिनिटानें पट्टी काढून त्यांनीं ती आम्हांस दाखविली. निरोगी कुत्र्याच्या डोळ्यांतील अश्रु त्या एका मिनिटांत पट्टीवर निदान १५ मिलिमीटर चढावयास पाहिजेत. मोतीच्या डाव्या डोळ्याची पट्टी ११ मिलिमीटर भिजली होती, आणि उजव्या डोळ्याची अवघी ३. नंतर त्यांनीं नारिंगी रंगाचें एक द्रव्य डोळ्यांत घालून, खोलींत अंधार करून निळ्या प्रकाशांत पाहिलें. पडद्यावर जखम असेल तर तेवढा भाग हिरवागार चमकतो. सुदैवानें तशी चमक कोठेंहि दिसली नाहीं. सांथीचा आणि मोतीच्या विकाराचा कांहींएक संबंध नाहीं, असाहि निर्वाळा त्यांनीं दिला.

मग ते मला म्हणाले, “बाळ, तुमच्या मोतीच्या डोळ्यांस पाणी येत नाहीं, म्हणून ते चिकटतात.”

हें ऐकून मला मोठें नवल वाटलें. जो डोळा सदा ओला आणि चिकट दिसतो, तो कोरडा कसा? परंतु डॉक्टरांनीं कागदावर चित्र काढून समजावून सांगितलें, तेव्हां कोडें उलगडलें. डोळ्यावर अश्रूंचें एक अतिशय पातळ आवरण सदोदित पसरलेलें असतें, व त्याचे तीन थर असतात. सर्वांत वरचा थर तेलाचा. तो पाण्याची वाफ होऊं देत नाहीं. मधला थर पाण्याचा; आणि सर्वांत आंतला थर चिकट द्रव्याचा, ज्यामुळें पाणी डोळ्यास धरून राहतें. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यांत रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर त्यांतून स्वच्छ दिसलें नसतें. म्हणून त्या पडद्यास लागणारा प्राणवायु मुख्यतः हवेंतून, या अश्रूंच्या द्वारें पोंचतो. मधला पाण्याचा थर आटला म्हणजे पडद्याची उपासमार होते. चिकट द्रव्य धुतलें न जातां सांचत जातें, आणि नदी आटल्यावर डबक्यांत शेवाळ माजावें तसे त्यांत जंतु माजतात. जंतुनाशक थेंबांनीं ते जंतु मरत, म्हणून चार दिवस बरें वाटे. परंतु नदी कोरडी ती कोरडीच राही. सतत घर्षण व दाह सोसणारा पडदा शेवटीं आपल्या रक्षणासाठीं जाड व काळसर होतो. तोच तो आम्हीं पाहिलेला पापुद्रा.

पाणी आटण्याचें कारणहि डॉक्टरांनीं शोधून काढलें. कुत्र्यास दोन पापण्यांखेरीज नाकाकडच्या कोपऱ्यांत एक तिसरी पापणी असते, व तिच्या बुडाशीं अश्रूंची एक ग्रंथि असते. मोतीच्या उजव्या डोळ्यांत ती ग्रंथि नव्हती! बाबांनीं तेथूनच त्याच्या जुन्या धन्यास दूरध्वनि केला. त्यांनीं सांगितलें कीं, आठ महिन्यांचा असतांना मोतीच्या डोळ्याच्या कोपऱ्यांत एक लालबुंद गांठ आली होती, आणि ती कोणा एकाकडून कापून टाकविली होती. ती गांठ म्हणजे जागा सोडून वर आलेली तीच ग्रंथि होय. डोळ्यांतील अश्रूंपैकीं सुमारें एक-तृतीयांश अश्रु ती एकटी पुरविते. पूर्वीं ती सर्रास कापून टाकीत. परंतु तसें केलें असतां पुढें कित्येक वर्षांनीं डोळा कोरडा पडण्याचा धोका असतो, हें कळून आल्यावर आतां ती परत आपल्या जागीं बसवून शिवतात. शिवाय, कॉकर स्पॅनियलसारख्या कांहीं जातींत शरीराची संरक्षक शक्तिच चुकून आपल्या अश्रुग्रंथींवर हल्ला करते, म्हणून डावा डोळाहि कोरडा होऊं लागला असावा, असें ते म्हणाले.

यावर त्यांनीं एक औषध सांगितलें. सायक्लोस्पोरिन नांवाचें मलम, दोन्ही डोळ्यांत, दिवसांतून दोन वेळां. गुण येण्यास सहा ते आठ आठवडे लागतील. आणि गुण आला तरी औषध जन्मभर चालूं ठेवावें लागेल. उजव्या डोळ्याची ग्रंथि गेली असली तरी वरच्या बाजूस दुसरी मोठी अश्रुग्रंथि शिल्लक आहे, तिला जागें करावयाचें, असा हेतु. यश येईलच अशी हमी त्यांनीं दिली नाहीं.

त्या रात्रीं आमच्या घरीं जणूं परिषदच भरली. एक नातेवाईक पाहुणे आले होते. ते म्हणाले, “जन्मभर औषध म्हणजे काय थट्टा आहे? त्याला गांवाकडच्या मळ्यांत सोडून द्या. कुत्रें तें, राहील कोठेंहि.” बाबा कांहीं बोलले नाहींत, दर महिन्याच्या हिशेबांत ही एक नवी ओळ वाढणार होती, आणि ती कोणती ओळ खोडून बसवावी, याचाच ते विचार करीत असावेत. तेव्हां आजी पलंगावरून म्हणाली, “अरे, माझ्या दोन डोळ्यांकरितां तूं दोनदां रजा काढलीस. मला निदान बोलून दाखवितां आलें. याला तेंहि येत नाहीं. एकदां याचें घर सुटलें आहे. दुसऱ्यांदा सोडवूं नका.” बाबांनीं मान डोलविली, आणि परिषद संपली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं आपल्या बाहेरच्या चहास रजा दिली, एवढें मात्र मला ठाऊक आहे.

आमच्या घरीं आतां एक नवें वेळापत्रक सुरूं झालें. सकाळीं सात व संध्याकाळीं सात. आई उकळून निवविलेल्या पाण्यांत कापूस भिजवून, प्रत्येक डोळ्यास निराळा बोळा घेऊन, चिपडें अलगद पुसून काढी. बाबा मोतीस मांडीजवळ घट्ट धरीत. मी हात धुऊन, त्याच्या मागच्या बाजूनें येऊन, खालची पापणी किंचित् ओढून तांदळाच्या दाण्याएवढें मलम आंत सोडीं. नळीचें टोंक डोळ्यास लागूं द्यावयाचें नाहीं. मग पापणी मिटून क्षणभर धरावयाची. ज्या वेळीं कृत्रिम अश्रूंचे थेंबहि घालावयाचे असत, त्या वेळीं थेंब आधीं, व दहा मिनिटांनीं मलम. धाकटी बहीण वहींत तारीख घालून खूण करी, आणि मोतीस पोळीचा एक तुकडा देई. डोळ्यांत जाणारे लांब केस आईनें कातरून टाकिले. पहिले चार दिवस त्यास धरतां धरतां आमची पुरेवाट झाली. परंतु पांचव्या दिवसापासून पोळीच्या लोभानें म्हणा कीं आमच्यावरील विश्वासानें म्हणा, तो साताच्या सुमारास आपण होऊन येऊन बसूं लागला.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराहि गेला. डोळे जसेच्या तसे! बहिणीच्या वहींतील खुणा वाढत होत्या, पण मोती अजून भिंतीस धरूनच चाले. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस आई म्हणाली, “आज कापूस कमी लागला.” आम्हीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. मग एके दिवशीं सकाळीं त्याचा डोळा न पुसतांच उघडा दिसला. डिसेंबरांत पुन्हां पुण्यास गेलों, तेव्हां उजव्या डोळ्याची पट्टी ९ मिलिमीटर भिजली व डाव्याची १६. सन २०२४ च्या मार्चमध्यें उजव्याची १२ झाली. पापुद्रा समूळ गेला नाहीं. परंतु तो पसरावयाचा थांबला, पातळ झाला, आणि त्याच्या मधून बाहुली दिसूं लागली. एके दुपारीं दारावर टपालवाला आला असतां मोतीनें पलंगाखालून निघून आजीचा पदर ओढला. मी शाळेंतून येतांच आजीनें मला जी पहिली बातमी सांगितली ती हीच.

या औषधाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. तें एका बुरशीपासून निघतें. नॉर्वे देशांतील हार्डांगरविडा नांवाच्या थंड, ओसाड पठारावरील मूठभर माती सन १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्रयोगशाळेंत आली. त्या मातींत ही बुरशी सांपडली. सन १९७२ मध्यें तिच्यापासून निघणाऱ्या द्रव्याचा गुण कळला कीं, तें शरीराच्या संरक्षक शक्तीस आवर घालतें. त्यामुळें एकाचें मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरांत टिकविणें सोपें झालें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील जॉर्जिया विद्यापीठांत रेनी कॅस्वन या पशुवैद्य विदुषींनीं तेंच औषध कोरड्या डोळ्यांच्या कुत्र्यांवर योजिलें, आणि आटलेले अश्रु परत आले. माणसांच्या कोरड्या डोळ्यांसाठीं या औषधाच्या थेंबांस अमेरिकेंत मान्यता मिळाली ती मागाहून, सन २००२ मध्यें. म्हणजे या बाबतींत माणूस कुत्र्याच्या पाठोपाठ आला! ती कागदाची पट्टी मात्र मूळची माणसांसाठींच. शर्मर नांवाच्या जर्मन नेत्रवैद्यानें सन १९०३ मध्यें ती प्रसिद्ध केली.

आपण अश्रूंस दुःखाची खूण समजतों. लहानपणीं कोणी रडूं लागला कीं त्यास हंसतात, आणि न रडणारास शूर म्हणतात. मोतीच्या आजारानें मला असें शिकविलें कीं, अश्रु हे प्रथम डोळ्याचें अन्न आहे; शोक आणि आनंद हीं त्याचीं मागाहूनचीं कामें. कुत्रें दुःखानें रडत नाहीं असें म्हणतात. परंतु सन २०२२ मध्यें जपानी संशोधकांनीं असें दाखविलें कीं, कांहीं तासांच्या ताटातुटीनंतर धनी भेटला म्हणजे कुत्र्याच्या डोळ्यांतील अश्रूंचें प्रमाण वाढतें. आणि तें त्यांनीं याच शर्मरच्या पट्टीनें मोजलें. तेव्हां मी शाळेंतून घरीं येतों त्या वेळीं मोतीच्या डोळ्यांत जी चमक दिसते, तिच्यांत थोडा वांटा मलमाचा आणि थोडा भेटीचा असावा, असें मानण्यास मला हरकत वाटत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कुत्रीं-मांजरें असतील. त्यांचा डोळा एकदां चिकटला तर घाबरण्याचें कारण नाहीं, परंतु तो पुन्हां पुन्हां चिकटूं लागला, निस्तेज दिसूं लागला, किंवा जनावर तो घट्ट मिटून बसूं लागलें, तर घरांतील जुनी बाटली न शोधतां त्यास जाणत्या पशुवैद्याकडे न्या, आणि “अश्रु मोजून पाहाल काय?” असें नम्रपणें विचारा. पट्टीची ती परीक्षा एका मिनिटाची आहे, आणि तिनें जनावरास कांहीं इजा होत नाहीं. कोपऱ्यांत लाल गांठ दिसली तर ती कापावी कीं जागीं बसवावी, हेंहि विचारा. आणि औषध सुरूं झाल्यावर, तें लागू पडत नाहीं असें ठरविण्यापूर्वीं सांगितले तितके आठवडे मोजा. कांहीं औषधें अशीं असतात कीं, तीं बाटलींतून निम्मीं येतात व निम्मीं घरच्या माणसांच्या चिकाटींतून.

आमच्या बहिणीची पहिली वही संपून आतां दुसरी चालूं आहे. त्या वहींत एकहि रकाना रिकामा नाहीं. आमच्या परीक्षेच्या दिवसांतहि नाहीं, आणि दिवाळींतहि नाहीं.